सपाट आवाज

माझ्या हाताखालून दोन हजार सहाशे चाळीस जण बोलायला शिकून गेले. बोलता तर सगळ्यांनाच येतं. पण वायरलेसवर बोलणं ही वेगळी विद्या आहे, आणि वैरागपूरच्या बिनतारी प्रशिक्षण शाळेत मी सव्वीस वर्षं तेवढीच शिकवली. निवृत्त झालो तरी आठवड्यातून तीन दिवस मला तासाला बोलावत, आणि मी जात असे. समोर शिकणारी पोरं नसली की मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही.

पहिल्या तासाला मी एक प्रयोग करून दाखवायचो. एका मुलाला संच देऊन मैदानाच्या टोकाला पाठवायचं आणि सांगायचं, तुझ्यामागे अस्वल लागलंय असं समज आणि मदत माग. तो बिचारा जीव तोडून ओरडे. इकडे वर्गात संचातून नुसता खरखराट. शब्द एक कळत नसे. मुलं पोट धरून हसत. मग त्यालाच सांगायचं, आता तेच वाक्य, घरी आज भाजी कुठली केली हे सांगतोस ना, तशा आवाजात म्हण. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येई. ओरडलं की आवाज संचात फाटतो, हे त्यामागचं साधं विज्ञान. दुसरं कारण विज्ञानाचं नाही, माणसाचं आहे. एका तरंगावर पन्नास जण ऐकत असतात. त्यातला एक घाबरा झाला की पन्नास घाबरे होतात.

म्हणून मी शिकवायचो: मी कोण, मी कुठे, मला काय हवं. तीन वाक्यं झाली की बटण सोडायचं. उत्तर आलं नाही तर दोन मिनिटं थांबायचं आणि तेच पुन्हा, त्याच आवाजात. मुलं मला मागून 'सपाट सर' म्हणत. मला ते आवडे.

या सगळ्यांत सुगंधा वाढई सर्वांत तरबेज. ती माझी भाची, धाकट्या बहिणीची, वत्सलाची मुलगी. वनखात्यात वनरक्षक म्हणून लागली आणि प्रशिक्षणाला माझ्याच वर्गात येऊन बसली. तासाला मला 'सर' म्हणे, डबा खाताना 'मामा'. परीक्षेत मी एक खोडी करायचो. मूल संदेश देत असताना खुर्चीमागे फटाक्यांची लड लावायची. कोणी संच टाकून पळे, कोणी मध्येच 'आई गं' म्हणे. सुगंधाने तिन्ही वाक्यं पुरी केली, बटण सोडलं, आणि मग किंचाळली. किंचाळून झाल्यावर मला म्हणाली, "मामा, घरी चला, आईले सांगते." सगळा वर्ग हसला. मी तिला शंभरपैकी शंभर दिले. माझ्या नोकरीत दुसऱ्या कोणाला दिले नाहीत.

आता 'सामाईक'बद्दल सांगायला हवं.

समजा, एका गावात पाच आळ्या आहेत आणि पाच हातपंप. प्रत्येक आळीचा पंप वेगळा, त्याला कुलूप. एका आळीत आग लागली तर तिथल्या लोकांनी आपल्या एका पंपावर जीव काढायचा. बाकी चार पंपांना पाणी आहे. पण किल्ली दुसऱ्याकडे. आमच्या भागात बिनतारी तरंगांचं असंच होतं. पोलिसांचा तरंग वेगळा, वनखात्याचा वेगळा, रेल्वे पोलिसांचा वेगळा, दारूबंदीवाल्यांचा वेगळा, आणि नदीपलीकडे शेजारचं राज्य लागतं, त्यांचा तर वेगळाच. सागवानाचा ट्रक जंगलातून निघे, महामार्गावर येई, पुलावरून पलीकडे जाई. वाटेत तो तीन खात्यांच्या माणसांना दिसे आणि एकाला दुसऱ्याशी बोलता येत नसे. अशी कित्येक वर्षं गेली. मग सगळ्यांचे तरंग एकत्र केले, आणि त्यांतून एका वेळी पाच जणांना बोलता येईल अशा पाच वाटा झाल्या. कुठल्याही खात्याच्या माणसाने बटण दाबावं, मोकळी असेल ती वाट घ्यावी, हवं त्याने ऐकावं. हीच सामाईक वाहिनी.

पण कुलपं काढली की पंपावर गर्दी होते. कोणाची घागर आधी? यासाठी एक यंत्र बसवलं. शिपायांनी त्याचं नाव 'पंच' ठेवलं.

पंच काय करतो, ते मी मुलांना असं समजावत असे. आपल्या गळ्यात दोन पातळ पडदे असतात आणि ते ताणणारे बारीक स्नायू. माणूस खरंच घाबरला की हे स्नायू आपल्या हुकमात राहत नाहीत. ते सेकंदाला आठ-दहा वेळा अगदी सूक्ष्म थरथरतात, सूर चढतो, श्वास भलत्या जागी तुटतो. आपल्या कानाला हे सगळं कळत नाही, यंत्राला कळतं. हजारो तासांचे आवाज ऐकून पंच हे शिकला होता. बटण दाबून बोललेलं वाक्य आधी पंच ऐके, त्याची निकड शंभरपैकी किती ते ठरवी, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला वाट देई. बाकीचे रांगेत. आकडा पंचाण्णवच्या वर गेला तर पाचही वाटा त्या एकालाच. हुद्दा तो पाहत नसे. साहेबांना गाडी हवी असली तरी रांगेत, आणि पुलावरून कोणी पडलं तर साधा शिपाई पहिला. पूर्वी संचांवर संकटाचं वेगळं बटण असे; पण ते खिशात, सीटखाली दाबलं जाऊन दिवसाला चाळीस खोट्या हाका येत. तेव्हा ते बटणही काढून पंचाच्याच हवाली केलं. तीन वर्षांत पंचामुळे वाचलेली माणसं मोजली तर तीनशेच्या वर भरली. मी स्वतः त्याचं कौतुक वर्गात करत असे.

तो एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. दुपार, पारा सेहेचाळीसवर. वर्गात एकोणीस मुलं. समोर ऐकण्याचा संच लावला होता. हा शाळेसाठी मुद्दाम बनवलेला. त्याच्या पडद्यावर सामाईकची सगळी रांग दिसे, कोण बोलतंय, कोण थांबलंय, कोणाची निकड किती. थांबलेल्यांचे संदेशही ऐकता येत. बोलता मात्र येत नसे. त्याला बटणच नव्हतं.

दीड वाजता वैरागपूरच्या कोर्टाच्या आवारातून एक कैदी पळाला. मोबाइलच्या मनोऱ्यांतल्या बॅटऱ्या चोरणारा एक काटकुळा माणूस. पण लग्नघरात साप निघावा तसं झालं. पोलीस धावले, रेल्वे पोलिसांनी स्टेशन घेरलं, दारूबंदीच्या नाक्यावर गाड्या अडवल्या, नदीपलीकडच्यांनी पूल बंद केला. जो तो संचात ओरडत होता. तो मिठाईच्या दुकानात शिरला, निकड अठ्ठ्याऐंशी. तो तो नव्हेच, निकड एक्क्याऐंशी. पाचही वाटा भरलेल्या, खाली तीसेक जणांची रांग. मुलांना मजा वाटत होती. मी त्यांना फुकट गेलेले शब्द मोजायला सांगितले होते.

दोन वाजून आठ मिनिटांनी रांगेच्या तळाशी एक ओळ आली. वनरक्षक, माणिकगुडा. निकड नऊ. मी तो संदेश लावला.

"सामाईकला वनरक्षक वाढई. मी आणि अग्निरक्षक लच्चू आत्राम, माणिकगुड्याच्या कोरड्या नाल्यात, खुणेचा दगड चौदा. रस्त्याच्या बाजूने उलटी आग लावू नका, आम्ही मध्ये आहोत."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला अभिमान वाटला. मी मुलांना म्हणालो, ऐका, संदेश असा असतो. तीन वाक्यं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मग एका मुलीने विचारलं, सर, उलटी आग म्हणजे काय? आणि तिला समजावता समजावता मी खिशातून फोन काढला.

वणवा पाण्याने विझवता येत नाही. त्याला उपाशी मारावं लागतं. वणवा एका बाजूने येत असला की माणसं दुसऱ्या बाजूला, रस्त्यासारख्या उघड्या जागेवरून, स्वतःच दुसरी आग लावतात. ती वणव्याच्या दिशेने सगळा पाचोळा खात जाते. दोन्ही आगी भेटल्या की खायला काही उरत नाही आणि दोन्ही मरतात. ही उलटी आग. मधली जागा आधी रिकामी असावी लागते. मागाहून कळलं ते असं: सुगंधा आणि लच्चू तेंदूपानं तोडणाऱ्या बायांना बाहेर काढायला आत गेले होते. बाया डोंगराच्या कडेने सुखरूप निघाल्या, वारा फिरला, आणि हे दोघे नाल्यात अडकले. रस्त्यावर त्यांचे वनक्षेत्रपाल आठ माणसं घेऊन उलट्या आगीच्या तयारीत होते. त्यांना वाटत होतं, दोघंही बायांबरोबर निघाले. त्यांच्या खांद्यावर संच होते. पंच जे पुढे सोडील तेच त्या संचांत ऐकू येणार होतं.

सुगंधाच्या मोबाइलला त्या दरीत कधीच तरंग मिळत नसे. वनक्षेत्रपालांचाही लागला नाही. मी नियंत्रण कक्षाला फोन केला. तिथे दिवाकर बोबडे होता, माझाच विद्यार्थी. या आडनावाचा माणूस वायरलेसवर, म्हणून वर्गात त्याची फार थट्टा होई. बोले मात्र घंटेसारखा. मी त्याला म्हणालो, रांगेत सुगंधाचा संदेश नऊवर आहे, तो वर घे.

"पाहिला, सर," तो म्हणाला. "मला घेता येत नाही."

पूर्वी कक्षातल्या माणसाला रांग मोडता येत असे. पण मग साहेब लोक चहापाण्यासाठी रांग मोडायला लावत. म्हणून ते बंद झालं. आता दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांचे अंगठे लागत, आणि ते दोघेही बाहेर कैद्याच्या मागावर होते. आरडाओरड्यात फोन उचलत नव्हते. दिवाकरने त्यांच्यासाठी सामाईकवर संदेश टाकला होता. तोही रांगेत होता. निकड चौदा. त्यालाही बोलायला मीच शिकवलं होतं.

मी त्याला सांगितलं, तू ओरड. फोनवरून मला ऐकू आलं, खुर्ची सरकली आणि दिवाकर बोबडे आयुष्यात पहिल्यांदा संचात ओरडला. पडद्यावर आकडा आला: बारा. ओरडणं छातीतून येतं, थरथर गळ्यातून. पूर्वी काही हुशार लोक रांग मोडायला खोटं ओरडत, म्हणून पंचाला हा फरक नेमका ओळखायला शिकवला होता. मीच वर्गात ही त्याची खुबी म्हणून सांगत असे.

दिवाकरने एक मोटारसायकलवाला रस्त्याकडे पाठवला. बावीस किलोमीटर, त्यात घाट. चाळीस मिनिटं तरी.

दोन वाजून दहा मिनिटांनी सुगंधाने तोच संदेश पुन्हा दिला. निकड आठ. दोन बाराला पुन्हा. निकड सहा. शब्द तेच, आवाज तोच. आणि दर वेळी पंच तिला आणखी खाली सरकवत होता. दोन मिनिटं तर दोन मिनिटं. एकदाही पावणेदोन झाली नाहीत. मध्ये कैदी एका न्हाव्याच्या दुकानात दिसला, निकड ब्याण्णव.

मी ऐकण्याच्या संचाला दोन्ही हातांनी धरलं होतं. मी त्या संचाला सांगत होतो, ओरड गं बाई, रड, शिव्या दे, काहीतरी कर. ते ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

दोन वीसला वनक्षेत्रपालांचा संदेश रांगेत आला. निकड एकतीस. रस्त्याच्या बाजूने उलटी आग लावली आहे. म्हणजे मला कळलं. तिला कळलं नाही. आणि ती तिथे आहे हे त्यांना कळलं नाही.

दोन बावीसला तिचा संदेश बदलला.

"सामाईकला वनरक्षक वाढई. रस्त्याच्या बाजूने धूर येतोय, उलटी आग लागलेली आहे. आम्ही नाल्यात ओल शोधून वाळू उकरतोय. दोन मिनिटांनी पुन्हा बोलते."

निकड पाच.

दोन मिनिटं व्हायच्या आत, तिच्याच संचावरून, दुसरा आवाज आला. लच्चू आत्राम साठीला आलेला. जंगलात जन्म गेला, पण शाळेचं आणि प्रशिक्षणाचं तोंड पाहिलेलं नाही. संच हातात धरायलाही त्याला मनाई होती. त्याने तो तिच्या खांद्यावरून ओढून घेतला होता.

"अरे बापा, जळून राहिलो ना आम्ही. माणसं हाओत इथं, पोरगी हाये. अबे, कोणी आयकता का नाही?"

निकड सत्त्याण्णव. अर्ध्या सेकंदात पाचही वाटा मोकळ्या झाल्या आणि ते ओरडणं जिल्ह्यातल्या प्रत्येक संचातून एकदम बाहेर पडलं. न्हाव्याच्या दुकानासमोरचे शिपाई, पुलावरचे लोक, स्टेशन, नाके, सगळे जागच्या जागी उभे राहिले. वनक्षेत्रपाल आणि त्यांची माणसं स्वतः लावलेल्या आगीत हिरव्या फांद्या घेऊन शिरली. पुढच्या चौदा मिनिटांत सामाईकवर कोणी एक शब्द बोललं नाही.

नाल्यात त्यांना दोघं सापडली. लच्चूने ओल्या वाळूच्या खड्ड्यात सुगंधाला पालथं घातलं होतं आणि स्वतः वर पडला होता. सुगंधा जिवंत होती, लच्चू नव्हता. तिचा डावा हात आणि खांदा भाजला होता. कैद्याला अडीच वाजता पकडलं. अर्ध्या तोंडाला साबण लावून तो खुर्चीत बसलेला होता.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी मला तिच्याजवळ बसू दिलं. तिने विचारलं, "मामा, माझं कुठं चुकलं?"

मी म्हणालो, "कुठेच नाही."

तिला ते खरं वाटलं नसावं. तिने मला सगळे संदेश क्रमाने म्हणून दाखवले. काही राहिलं का, दगडाचा नंबर बरोबर होता का, आधी जागा आणि मग माणसं सांगायला हवी होती का. मी प्रत्येक वेळी बरोबर म्हणालो. बाहेर व्हरांड्यात वत्सला बसली होती. माझी बहीण कधी माझ्याशी वाकडं बोललेली नाही. त्या दिवशी ती खाली पाहत म्हणाली, "मरायच्या वेळी जनावरही वरडते रे दादा. तू तेबी काढून घेतलं तिच्यातून." आणि मला चहा आणायला उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी लच्चूच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने मला ओळखलं नाही, आणि मी कोण ते मला तिला सांगवेना.

चौकशी झाली. यंत्र बनवणाऱ्यांकडून शिल्पा देवस्थळी नावाच्या एक इंजिनिअर बाई आल्या. प्रामाणिक होत्या. चार दिवस झोपल्या नसाव्यात. त्यांनी माझ्याच वर्गात, माझ्याच फळ्यावर मला समजावून सांगितलं. पंचाला शिकवताना दोन तऱ्हेचे आवाज दिले होते. एक, खऱ्या संकटातले. ते सगळे घाबरलेले, तुटलेले, फाटलेले, कारण पूर्वी बहुतेक खात्यांत असं प्रशिक्षणच नव्हतं. दुसरे, संकट नसतानाचे. या दुसऱ्या ढिगात आमच्या शाळेतल्या सरावाची ध्वनिमुद्रणं होती, अकराशे तासांची. मीच ती जपून ठेवली होती आणि मागितल्यावर हौसेने दिली होती. त्यांत मुलं आग, पूर, गोळीबार, सगळं कल्पून मदत मागत होती, सपाट आवाजात, तीन वाक्यांत, दोन-दोन मिनिटांनी.

"म्हणजे त्याने काय शिकून घेतलं?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

त्या हळू म्हणाल्या, "की इतकं नीट कोणी मदत मागत असेल, तर तो सराव आहे."

मी म्हणालो, मग त्याची समजूत आता दुरुस्त करा. मूल चुकीचं शिकलं तर आपण पुन्हा शिकवतो. त्या म्हणाल्या, शिकवता येईल. त्यासाठी, शांत माणसं खऱ्या संकटात कशी बोलतात, याची उदाहरणं द्यावी लागतील. चारपाचशे तरी. सरावाची चालणार नाहीत, खरीच लागतील. कारण खरं आणि खोटं ओळखणं हेच त्याचं काम.

"आज आहेत किती?"

"एक," देवस्थळी बाई म्हणाल्या. "पुढे मिळतील तशी त्याला देऊ."



पंच बंद करा, असं मला म्हणता आलं असतं. चौकशीत मला तसं विचारलंही. त्या तीनशेंत पुरात अडकलेली एक बस होती, तिच्यात शाळेची मुलं होती. तिचा ड्रायव्हर ओरडला होता म्हणून ती वाचली. पंच बंद केला तर पुढची बस रांगेत. तेव्हा ते माझ्याने म्हणवलं नाही. रांग मोडायचा अधिकार कक्षाला परत द्या, एवढं मी लिहून दिलं. ते पाच खात्यांकडे आणि दोन राज्यांकडे विचारार्थ गेलं. तोवर एक परिपत्रक निघालं की, कर्मचाऱ्यांनी संकटात नैसर्गिक आवाजात बोलावं.

मी ते वर्गात वाचून दाखवलं. एकोणीस मुलं पेन घेऊन बसली होती. एकाने विचारलं, सर, नैसर्गिक म्हणजे नेमकं कसं? मी सव्वीस वर्षांत कुठलाही प्रश्न परत पाठवला नव्हता. मी म्हटलं, उद्या सांगतो. घरी आल्यावर हजेरीपटातली जुन्या मुलांची नावं काढली. प्रत्येकाला पत्र लिहायचं ठरवलं. 'प्रिय' लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना. घाबरत जा, असं लिहू? घाबरायची मुलं घाबरतच होती. ते बाहेर कसं पडू द्यायचं नाही, हे मी शिकवलं होतं. आणि शिकवलेलं परत घ्यायची कुठलीच पद्धत मला ठाऊक नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुगंधा कामावर निघाली. माणिकगुड्यात अजून दोन ठिकाणी धुमसत होतं आणि माणसं कमी होती. डाव्या हाताला पट्टी होती. संच आता उजव्या खांद्यावर लावला होता. वत्सलाने तिला अडवून पाहिलं, रडून पाहिलं. मग मला बोलावून घेतलं. मी सकाळी सातला गेलो तेव्हा ती फाटकापाशी विजेच्या मोटारसायकलवर बसलेली होती. मी म्हटलं, कार्यालयात बसायचं काम माग. ती म्हणाली, तिथं बसून ऐकायचंच ना, मामा, तुमच्यासारखं. ते तिने टोचून म्हटलं नव्हतं. मग मी म्हटलं, निदान काही झालं तर ओरडशील ना? ती हसली. म्हणाली, प्रयत्न केला मी, रोज न्हाणीघरात करते; मले येतच नाही.

तिच्या खांद्यावरचा पट्टा पिळला होता. तो सरळ करायला मी हात पुढे केला. माझं बोट बटणावर होतं. मी ते का दाबलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"सुगंधा जाऊन राहिली," मी म्हणालो. तो आवाज मला ओळखू आला नाही.

संचावर तोवर रेल्वेवाले मालगाडीच्या डब्यांचे आकडे वाचत होते. ते मध्येच तुटले. पलीकडे कोणीतरी हसत होतं, तेही थांबलं. मग दिवाकर बोबडेचा स्वच्छ, सपाट आवाज आला.

"पंचाने सामाईक मोकळी केली आहे. सगळे ऐकताहेत. बोला."

पाच खाती. दोन राज्यं. सगळे नाके, सगळी स्टेशनं, जंगलातले सगळे पहारे. शेकडो माणसं आपापल्या खांद्याकडे मान वळवून उभी असतील. जिल्ह्यात त्या क्षणी माझ्याइतकं कोणाचंच ऐकलं जात नव्हतं. मी बटण धरून उभा होतो. कोणाला कुठे बोलावणार होतो? येऊन त्यांनी काय करायचं होतं?

"बोला," दिवाकर पुन्हा म्हणाला. "आम्ही थांबलोय."

सुगंधाने माझं बोट हळूच उचललं. मग स्वतः बटण दाबलं.

"वनरक्षक वाढई. बटण चुकून दाबलं गेलं. इथे सगळं ठीक आहे, सामाईक पुन्हा सुरू करावी."

आवाज कुठे हलला नाही. तिने माझ्या हातावर एकदा थोपटलं आणि गाडी काढली. विजेच्या गाडीला आवाज नसतो. ती वळणापलीकडे गेली ते फक्त दिसलं. तिच्या खांद्यावरच्या संचात रेल्वेवाल्यांनी डब्यांचे आकडे पुढे वाचायला घेतले असतील.